हात मोठे व्हायचे तेव्हा

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही गडचिरोलीच्या पलीकडे एका जंगलनाक्यावर राहायला आलो. हे नाकेदार होते. कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्या, समोर लाकडाच्या गाड्या अडवायचा आडवा बांबू. मुलगी चार महिन्यांची. मदतीला यांची थोरली बहीण आली होती; विधवा, तिचं सासर आणि मुलं आरमोरीला.

डोकं मला लहानपणापासून दुखायचं. अर्धशिशी म्हणून आई सुंठ उगाळून लावायची. पण त्या उन्हाळ्यात जे सुरू झालं ते डोकं दुखायच्या आधी यायचं.

एका सकाळी मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. उजवीकडे हवेत काहीतरी नागमोडी चमकू लागलं आणि माझा हात वाढायला लागला. बोटं मुसळाएवढी झाली. मुलगी मात्र लहान लहान होत गेली. होती माझ्याच पायांवर, पण विहिरीच्या तळाशी दिसावी इतकी दूर. हे खरं नाही, हे मला कळत होतं. तरी असल्या बोटांनी तिला उचलायचं कसं? चिरडली तर? हातातला तांब्या टाकून मी ओरडले, "बाई, पोरीले घ्या! लवकर घ्या!"

नणंदेने धावत येऊन तिला उचललं. अर्ध्या तासाने हात पहिल्यासारखे झाले, मग डोकं फुटायला लागलं आणि उलट्या झाल्या.

पुढे आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. कधी भिंत लांब सरकायची, कधी पायाखालची जमीन गादीसारखी दबायची. केव्हा येईल याचा नेम नव्हता, म्हणून मी मुलीला कडेवर घेणंच सोडलं. पाजायचे तेही खाटेवर आडवी होऊन, नणंदेला जवळ बसवून.

एकदा ती बोललीच, "पोरगी झाली म्हणून तुले नोको झाली का? काऊन हात लावत नाई?"

यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "कोणाले सांगू नोको. येडी म्हणतीन."

अंगातलं भूत काढायला नणंदेने पुजारी आणला. मिरच्यांच्या धुरात मला बसवलं. तो विचारायचा, "कोन हायेस तू?" आणि मी खोकत सांगायचे, "याच घरची सून." त्या दुपारी हात पुन्हा वाढले. पुढे कित्येक दिवस घास पोटात राहत नव्हता. होतं ते दूधही आटलं. महिन्याभराने नणंद मुलीला घेऊन आरमोरीला निघाली. "इथी राह्यली तर मरन पोरगी," म्हणाली. मी अडवलं नाही. मलाही तेच वाटत होतं.

वर्ष गेलं. डोकेदुखी थांबेना, म्हणून यांनी मला लाकडाच्या ट्रकने चांद्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे तपासले आणि सहज विचारलं, "दुखण्याआधी हातपाय मोठे झाल्यासारखे वाटतात का?"

मी नुसती मान हलवली.

"ही अर्धशिशीच आहे, बाई. वेड नाही. हात वाढत नाहीत, फक्त तसं भासतं. माझ्याकडे एक मास्तर येतात, त्यांनाही होतं."

"औषध?" यांनी विचारलं.

"खात्रीचं नाही."

तिथून आम्ही तडक आरमोरीला गेलो. मुलगी नणंदेच्या लुगड्यामागे लपली. नणंदेलाच ती माय म्हणत होती. डॉक्टर काय म्हणाले ते यांनी सांगितलं, तशी नणंद खाली बसली. "मले काय माहीत होतं, बाई," एवढंच म्हणाली, आणि मुलीचे कपडे बांधून दिले.

नाक्यावर मुलगी आठ दिवस रडली. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, ती अंग ताठ करून माझ्यापासून दूर रेलायची. पेज तोंडातून बाहेर काढायची. अंगात ताप भरला. नवव्या दिवशी मीच यांना म्हटलं, "नेऊन द्या तिले."

ती तिथेच वाढली, तिथूनच तिचं लग्न झालं. नणंदेची मुलं मला मामी म्हणायची. तीही मामीच म्हणते.