झुंबरअक्काची पेटी

अभिमन आबांचा मला राग येतो, हे आधीच सांगते. शेजारी असले म्हणून काय झालं?

भडगावात त्यांच्याएवढा लाकूड ओळखणारा मिस्तरी नाही, हेही खरं. धुळ्याहून, पार देवपूरहून लोक जुने दरवाजे टेम्पोत घालून त्यांच्याकडे आणतात. काळं, जड लाकूड दिसलं की आबा कोपऱ्यावर रंधा मारतात आणि निघालेली पातळ साल नाकाशी धरतात. गोडसर वास आला तर शिसम. वास नाही आणि रंध्याचं पातं बोथट झालं, तर अंजन. कधी चुकले नाहीत. चुकले ते घरातच.

झुंबरअक्का त्यांची बायको, माहेर शिंदखेड्याचं. लग्नात तिच्या बापाने आंदण म्हणून कपड्यांची पेटी दिली होती. वाळवी लागू नये म्हणून वरून जाड काळा रंग फासलेला. अक्का तोऱ्यात सांगायची, "मना बापनी शिसमनी पेटी दिन्ही." तिने असं म्हटलं की आबा चारचौघांत हसायचे, "तुना बापले शिसम परवडस का? अंजन शे ते!"

"एकदा रंधा मारी देखा ना," ती म्हणायची. बेचाळीस वर्षं म्हणाली. पण गिऱ्हाइकाचं लाकूड आधी, घरचं नंतर. नंतर कुठलं आलंय डोंबलाचं! मागच्या चैत्रात ती गेली.

मूलबाळ नाही. आबा एकटे खिचडी टाकतात, हाताच्या सवयीने दोघांची होते, मग सकाळचीच संध्याकाळी खातात.

परवा पेटीचं झाकण अडकायला लागलं. आत अक्काची लुगडी. कड जरा घासावी म्हणून आबांनी रंधा मारला, आणि थोड्याच वेळात माझ्या दारात येऊन उभे राहिले. मुठीत जांभळट काळी साल.

"तानुबाई, वास ले."

घेतला. गोड होता.

"शिसम शे," आबा म्हणाले. "आते कोणले सांगू?"

माझं डोकंच फिरलं. "मला कशाला सांगता? मला माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. ती सांगायची ते आम्हाला खरंच वाटायचं!" बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं.

आबा पायरीवर बसले. म्हणाले, "बठ्ठासले माहीत व्हतं. मालेच नही."