गुडघाभर पाणी

मला एक चिनी गाणं येतं. आधी कतारमधल्या दुखानच्या तेलकंपनीच्या कॉलनीत, निवृत्तीनंतर नाशिकला नातेवाइकांच्या लग्नांत, आणि मुलाने दोह्यात अबू हमूरला बोलावून घेतल्यापासून जवळच्या अल हिलालच्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी ते म्हणत आलो. आरती आणि खिरापत झाली की कोणीतरी फर्माइश करतंच. “काका, तुमचा चायना माल टिकला बरं का,” असंही एखादा म्हणतो. सगळे हसतात, मीही हसायचो. बायको म्हणायची, हे गाणं म्हणताना तुम्ही कोणाशी तरी भांडताय असं वाटतं.

गाण्याआधी मी अर्थ सांगायचो. नवरीची डोली नदीपार जाते आहे, वऱ्हाडी पाणी किती म्हणून विचारताहेत. मला शिकवणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं.

यंदा गणपतीच्या आठवडाभर आधी मी जुनी वही काढून सराव करत होतो. माझ्या नातीच्या वर्गात एक चिनी मुलगी आहे. ती आमच्याकडे खेळायला आली होती, तिची आई तिला न्यायला आली. नात इंग्रजीत म्हणाली, आजोबा, आंटीला म्हणून दाखवा ना. बाईंनी कौतुकाने पर्स मांडीवर ठेवली. मी सुरू केलं. पहिल्या दोन कडव्यांना त्या टाळ्यांनी ताल धरत होत्या. तिसऱ्याला त्यांचे हात थांबले. ते कडवं सावकाश, चाल न लावता म्हणा, असं त्या म्हणाल्या. मी दोनदा म्हटलं.

“हे लग्नातलं गाणं आहे, आमच्याकडे सगळ्यांना येतं,” त्या म्हणाल्या. “काठावरचा माणूस काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरतो, मोजतो, आणि सांगतो, गुडघाभर आहे, या. तुमच्या गाण्यात तो उतरत नाही.”

“मग काय करतो?”

“मोटारीत बसून राहतो. काच थोडी खाली करतो आणि म्हणतो, गुडघाभर आहे, जा. विचारणारा जातो तो परत वर येत नाही.” त्या हसल्या. “जुन्या गाण्यात मोटार कुठून येणार? कोणीतरी गंमत केलीय.”

माझ्या हातातली वही खाली पडली. नातीने ती उचलून दिली. पाणी हवं का, असं दोघी विचारत होत्या. मला ती काच दिसत होती.

त्या काचेची गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती.

दुखानला मी सुरक्षा विभागात होतो. दुरुस्तीसाठी प्लांट बंद होता. दोन पुरुष खोल अशा एका खड्ड्यात उतरून पाइप साफ करायचा होता. तेलाच्या कामात असे खड्डे वाईट. तळाशी विषारी वायू साचतो, आणि जास्त असला की त्याचा वासही येत नाही. म्हणून माणूस उतरण्याआधी वायू मोजायचा मीटर दोरीने तळापर्यंत सोडायचा, आकडा बघायचा, मग परमिटवर, म्हणजे उतरायच्या परवानगीच्या कागदावर, सही करायची. ती सही माझी.

ऑगस्टची सकाळ होती. उन्हात लोखंडाला हात लावता येत नव्हता. मी गाडीत एसी लावून बसलो होतो. आदल्या दिवशी मोजलं तेव्हा मीटर शून्य दाखवत होता. एक चिनी कामगार आला, काचेवर टकटक केली, खड्ड्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “ओके?” मी काच चार बोटं खाली केली. आकड्याच्या जागी शून्य लिहून सही केली आणि कागद त्याला दिला. “ओके, गो.” त्याने मान लववली, कागद आपल्या चिनी फोरमनकडे दिला आणि शिडीवरून उतरला.

त्याला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

धावपळीत मी फोरमनकडे तो कागद मागितला. त्याने मुकाट्याने दिला. मी त्याला म्हणालो, तू बोललास तर आपण दोघंही नोकरी गमावून घरी जाऊ. चौकशीत मी सांगितलं की परमिट मी अजून दिलंच नव्हतं. फोरमनने दुभाष्यामार्फत सांगितलं, मी काही पाहिलं नाही. अहवालात आलं, कामगार परवानगी न घेता उतरला. तसंच त्याच्या घरी कळवलं गेलं. कागद मी फाडून टाकला होता.

काही महिन्यांनी कॉलनीच्या कार्यक्रमात त्याच फोरमनने हे गाणं म्हटलं. चाल फार गोड. आमच्यात पुन्हा सगळं नीट व्हावं असं मला वाटत होतं, म्हणून मी म्हणालो, मला शिकव. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, फ्रायडे.

चार शुक्रवार तो माझ्या खोलीवर आला. मी शब्द देवनागरीत लिहून घ्यायचो. स्वर चढवायचा असला की तो हात वर करायचा, उतरवायचा असला की खाली. तिसऱ्या कडव्यावर सगळ्यात जास्त वेळ घेतला. तिथे मी चुकलो की पुन्हा, पुन्हा. मी म्हणत होतो आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटच्या दिवशी त्याने पानाच्या वर आपल्या लिपीत एक ओळ लिहिली. ते गाण्याचं नाव असणार, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

त्याला मला शिक्षा द्यायची होती, की मला कधीतरी कळावं असं वाटत होतं? की स्वतःच्या गप्प बसण्याला त्याने ही एवढीच वाट काढली? मला सांगता येत नाही. त्याचा आता पत्ताही नाही.

मी सावरल्यावर बाईंना ती वरची ओळ दाखवली. त्यांनी वही जवळ धरून वाचली.

“हे गाण्याचं नाव नाही. माणसाचं आहे,” त्या म्हणाल्या. “पुढे त्याचं गाव आहे.” त्यांनी नाव वाचून दाखवलं; अहवालात ते इंग्रजीत होतं, त्या कामगाराचं.

त्या गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती मोदकाची पिठी चाळत होती. आपण चाळीस वर्षं ज्याला ओळखतो तो हाच का, अशा नजरेने ती बघत होती. तिने विचारलं, “त्याच्या घरच्यांना अजून तेच वाटतंय, चूक त्याचीच होती म्हणून?”

“हो.”

तिने पिठाचे हात पुसले, वही माझ्यापुढे सरकवली आणि आत गेली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

गणपतीत फर्माइश झाली तेव्हा मी उभा राहिलो आणि गाणं न म्हणता खरा अर्थ सांगितला. मग खड्ड्याचंही सांगितलं. प्रसादाच्या वाट्या लोकांच्या हातात तशाच राहिल्या. ओळखीच्या एका इंजिनियरने मला बाजूला घेतलं. “काका, खलास आता. इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?” तो चांगल्या मनाने म्हणाला. पण त्या कामगाराने विचारलं होतं, काचेवर टकटक करून.

पत्र मी मराठीत लिहिलं, नातीने ते इंग्रजीत केलं. ते करताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाई चिनीत करून देणार आहेत. सगळं वाचूनही त्या हो म्हणाल्या, फक्त यावेळी घरात आल्या नाहीत, दारातच कागद घेतले. पत्र त्या गावाला, त्या नावाच्या घरच्यांना जाईल. एक प्रत कंपनीला. त्या घरी अजून कोणी असेल की नाही ते माहीत नाही.

पत्र मोठं नाही. त्यातलं मुख्य इथेही लिहून ठेवतो. तुमचा माणूस परवानगी न घेता उतरला नव्हता. त्याने मला विचारलं होतं. मी गाडीतून न उतरता त्याला जा म्हणालो.