दोघांपुरती भाजी

पाचशे माणसांचं मटण मी एका दमात करतो. ही बढाई नाही. घणसोली गावात कुणालाही विचारा. आम्हा आगऱ्यांत हळदीच्या दिवशी चुलीचा ताबा पुरुषांकडे असतो, आणि गावठाणातल्या कित्येक हळदींना तो माझ्याकडे होता. टोपावरचं झाकण जरा सरकवलं की नुसत्या वासावरून मी सांगतो, कशात काय कमी आहे. पंगतीत लोक तोंडभरून कौतुक करतात, पण कौतुकाला काय, ते फुकटचं असतं. माणसाने ताट पुढे सरकवून 'अजून वाढ' म्हणावं, ते खरं. आणि शेवटी टोप रिकामा झाला की माझी छाती फुगते.

घरात मात्र मी कधी चहासुद्धा केला नव्हता. घरची चूल बायकोची आणि हळदीची माझी, अशी वाटणी आम्ही बसून केली नव्हती. ती आधीपासून होतीच.

मग बायकोला हृदयाचा झटका आला. स्टेंट टाकून घरी आणलं, आणि डॉक्टरांनी सुकट, बोंबील, पापड, लोणचं सगळं बंद केलं. मीठ चिमूटभर, तेल चमचाभर, हिरव्या भाज्या भरपूर. आमच्या ताटातून सुकं गेलं की उरतं काय? ती दोन घास खायची आणि ताट बाजूला सारायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा दाखल करावं लागेल. मी घाबरलो. कुणाला बोललो नाही, पण चांगलाच घाबरलो.

आमची मुलगी करंजाड्याला राहते. ती म्हणाली, "बाबा, स्वयंपाकाला बाई ठेवू या."

"पाचशे मानसांना जेवू घालनारा घरात बसलाय," मी म्हणालो, "बाई कशाला?"

बोलून बसलो खरा.

जावयाचा तुर्भ्याच्या बाजारात भाजीचा गाळा आहे. तिथे हॉटेलांसाठी परदेशी वाणाच्या भाज्या येतात. मुलगी त्यातल्या ॲस्परॅगसच्या चार जुड्या घेऊन आली. "ही आपल्या शतावरीच्या घराण्यातली. आईला चांगली," म्हणाली. मला ती शेवग्याच्या शेंगेची हडकुळी धाकटी बहीण वाटली. म्हटलं, शेवगा तर मला येतो.

शेंगेचे छाटतात तसे शेंडे छाटून टाकले. जाड बुडखे तेवढे ठेवले. चारही जुड्या टोपात घातल्या, आमचा लाल मसाला सढळ हाताने टाकला आणि मटणासारखं मंद आचेवर रटरटत ठेवलं. टोप घरातला होता, पण हात हळदीचा. शेवटी जे झालं तो एक लगदा होता आणि त्यात सुतळीसारखे धागे.

बायकोने ताटातला एक धागा बोटाने ओढून वर धरला. "अवो, ही भाजी हाय का दोरखंड? आनि एवढी कोनाला? आज हलद हाय काय कोनाची?"

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना वाटी वाटी पोहोचवली. सगळ्या वाट्या घासूनपुसून परत आल्या, भाजीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मुलगी फोनवर हसून हसून बेजार. "बाबा, शेंडाच तर खायचा असतो! काडी हाताने वाकवा, मोडेल तिथून खालचं टाकून द्या. आणि शिजवू नका हो, नुसती परता!"

तिने नव्या जुड्या पाठवल्या. या खेपेला मी बिचकलो आणि बिनमसाल्याची नुसती उकडून ठेवली. बायकोने एक तुकडा चावला. "यापेक्षा हास्पिटलातलं बरं होतं," म्हणाली आणि ताट सारलं.

मला राग आला. "सगला गाव माज्या हातचं खातो," मी म्हणालो.

"गाव खातो," ती म्हणाली. "मी कवा खाल्लंय? आमची बायकांची पंगत शेवटाला बसायची तवा टोपात रस्सा नि दोन बटाटे उरायचे."

ती हसत बोलली, पण खोटं बोलली नाही. एवढ्या हळदी केल्या, पण माझ्या हातचं मटण माझ्या बायकोने धड चाखलंच नव्हतं. आता मात्र मी इरेला पेटलो.

मीठ कमी असेल तर आंबट आणि लसूण पुढे करायचे, हे आचाऱ्याला सांगावं लागत नाही. घाबरल्यामुळे मी ते विसरलो होतो. डॉक्टरांना फोन करून विचारलं, थोडी ताजी कोळंबी चालेल म्हणाले. लोखंडी तवा कडक तापवला. चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मूठभर कोळंबी. कोळंबीचा रंग पालटला तशा कोवळ्या काड्या घातल्या, शेंड्यांसकट. भराभर परतल्या आणि हिरव्यागार असतानाच उतरवल्या. वरून कैरीचा कीस. आणि भाजी दोघांपुरतीच, एकाच जुडीची. हात सारखा दुसऱ्या जुडीकडे जात होता, त्याला दटावून मागे घेतला.

"तू बस. मी वाढतो," म्हटलं. तव्यावरची भाजी थेट तिच्या ताटात, वाफ निघत असताना.

तिने एक घास घेतला. दुसरा घेतला. मी खांद्यावर टॉवेल टाकून समोर उभा होतो, पंगतीसमोर उभा राहतो तसाच. ती कुरुमकुरुम चावत होती. भात संपला, भाजी संपली. तिने बोटं चाटली आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"अजून हाय का? वाढा."

तव्यात माझा वाटा होता, तेवढाच. मी तो सगळा तिच्या ताटात ओतला.

"आनि तुमाला?" तिने विचारलं.

मी तवा तिच्यासमोर तिरपा करून दाखवला. तव्याला थोडा लसूण चिकटला होता. तो खरवडून भातात कालवला आणि तिच्या शेजारी मांडी घालून जेवायला बसलो. गावातल्या कुठल्याही हळदीत मी इतका ताठ बसलो नव्हतो.