गणपाच्या नावावर खेळलेली वर्षं

मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मोठी लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एका सकाळी मी आणि गणपा तिथून खाली उतरलो. साताऱ्यात पलटणीची भरती चालू होती. माझी आई उंबऱ्यातच थांबली, पण आत्या ओढ्यापर्यंत आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, गणपाची आई. नवरा लवकर गेल्यावर ती गणपाला घेऊन माहेरी आली होती, आणि आम्ही दोघं एकाच चुलीवर वाढलो. ओढ्यापाशी तिनं फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आमच्या हातात दिल्या.

"एकमेकाला सोडू नगा रं," ती म्हणाली. "आनि काय बी झालं तर मला कळवायचं. लपवून ठिवायचं न्हाई."

"लपवायला आमी काय चोरी करतोय का?" गणपा हसला. "आनि लिवनार कोन? ह्यो महादू मास्तर. त्याला इचार."

महादू म्हणजे मी. चार यत्ता शिकलो होतो म्हणून गणपा मला चिडवायला मास्तर म्हणायचा. त्याला सहीसुद्धा येत नव्हती.

सांगलीतले जुने लोक मला गणपतराव म्हणतात. बास्केटबॉलचे गणपतराव. ते खोटं आहे. मेढ्याच्या खोऱ्यात राहिलेल्यांनी आणि तिथून माझ्यासारख्या पांगलेल्यांनी निदान आता तरी खरं काय ते वाचावं, म्हणून मी हे लिहितो आहे. माझं वय झालं आहे. पण गोष्ट तिळभरही विसरलेलो नाही.

छावणीत आम्ही दोघं वेगवेगळ्या कंपनीत पडलो. तिथं डॅनियल नावाचे मद्रासकडचे हवालदार होते. त्यांनी मातीच्या मैदानावर दोन खांब रोवले, वर फळ्या आणि लोखंडी कड्या ठोकल्या. हा खेळ आम्ही कधी पाहिला नव्हता. गणपा म्हणाला, "टोपलीला बूड न्हाई, मग चेंडू ऱ्हानार कसा?" पण आठवड्याभरात तोच सगळ्यांत पुढे गेला. गावात हुतूतू खेळताना तो चार जणांच्या मधून मासोळीसारखा निसटायचा, तेच त्यानं इथं केलं. आम्ही दोघंही ताडमाड उंच, पण मी धांदरट. चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचो. दुपारच्या सुट्टीत गणपानंच मला शिकवलं. "आंबा पाडायला उडी मारतोस न्हवं? तशी मार. फकस्त खाली येताना दगुड लागंल असं समजू नगंस."

बंगलोरला पलटणींचे सामने ठरले. डॅनियल हवालदारांनी यादी वर पाठवली. तिच्यात गणपाचं नाव होतं, माझं नव्हतं. निघायच्या दोन दिवस आधी गणपाचा घोटा मुरगळला. यादी मंजूर होऊन आलेली, रेल्वेचे पास त्या नावांवर निघालेले. हवालदार डोक्याला हात लावून बसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू चल. दहा दिवस तू गणपत."

मी गणपाकडे पाहिलं. तो खाटेवर पाय पसरून बसला होता. "जा की," तो म्हणाला. "तुझ्या कंपनीत तुझी हजेरी मी देतो. पाळीच हाय ती."

हे आज कुणाला पटणार नाही. आमच्या गावात गुरं राखायची पाळी असायची. आज या घराची, उद्या त्या घराची. घरातलं कोण आलं याला कुणी विचारत नसे; एक माणूस आला की पाळी भरली. माझ्या पाळीला गणपा कितीदा गेला होता, त्याच्या पाळीला मी. पलटणीची हजेरीही तशीच असं आम्हाला खरोखर वाटलं. माझी कंपनी नव्यानं बांधलेली होती, नाईक आठवड्यापूर्वीच आलेला. त्याला आम्ही सगळे सातारी सारखेच दिसत होतो. गणपा लंगडत माझ्या जागी उभा राहिला आणि माझ्या नावाला "हाजिर" म्हणाला.

बंगलोरला आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो. शेवटची टोपली मी टाकली. लोक उठून उभे राहिले आणि "गणपत, गणपत" ओरडले. मी डोळे मिटले नव्हते.

परत आलो तर माझी बराक रिकामी. खाटाही हलवलेल्या. कंपनीला हुकूम येऊन पाच दिवस झाले होते. गाडीनं कलकत्ता आणि तिथून पुढे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. गणपा माझ्या नावानं गेला होता. त्या बराकीच्या फरशीवर मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येत नाही. झाडलोट करणारा आला आणि म्हणाला, बाजूला व्हा, तेवढं आठवतं.

डॅनियल हवालदार घाबरले होते. म्हणाले, आता बोललास तर तिघं कोर्टमार्शलमध्ये जाऊ. तो परत आला की गुपचूप बदलू. मी गप्प बसलो. पुढे जन्मभर मी स्वतःला सांगत आलो की भीतीनं गप्प बसलो. ते पुरतं खरं नाही. दोन आठवड्यांनी कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं होतं. त्यांनी पाठ थोपटली आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना, काही अडचण? भला माणूस होता. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सांगू शकलो असतो. पण पुढच्या महिन्यात मद्रासला सामने होते आणि मला जायचं होतं. म्हणून मी म्हणालो, सगळं ठीक आहे, साहेब.

गणपाचं एकच पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. "पाय बरा हाय. हितं पाऊस लय. तू ये म्हनत न्हाई, पर आईला माझ्या नावानं पत्र टाकीत जा." घरी आमची पत्रं पहिल्यापासून माझ्याच अक्षरात जायची, त्यामुळे अक्षरावरून कुणाला शंका येणार नव्हती. मी लिहीत राहिलो.

मग आत्याचं पत्र आलं, गावच्या मास्तरांनी लिहिलेलं, गणपाच्या नावावर. मी ते मैदानाच्या कडेला बूट चढवत असताना फोडलं. "चिरंजीव गणपतास आशीर्वाद. आपला महादू लढाईत गेला. सरकारची तार आली. दादांनी दिवस घातले. वहिनी अन्न घेत नाही. तू सुखरूप आहेस म्हणून देवाला दिवा लावते, आणि वहिनीसमोर तोंड लपवते. तो कसा गेला, तुला काही ठाऊक असेल तर कळव. तिला तेवढाच आधार."

मी ते तीनदा वाचलं. मेलो मी होतो, आणि माझ्यासाठी रडणारी बाई ज्याच्यासाठी देवाला दिवा लावत होती तो गेला होता. माझ्या एका पायात बूट होता. शिट्टी झाली. कुणीतरी हाक मारली, "गणपत, चल." आणि मी दुसऱ्या पायात बूट घातला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशी मी उत्तर लिहिलं. लिहिलं की महादूला त्रास झाला नाही. त्यानं पाणी मागितलं, ते त्याला मिळालं, आणि आईचं नाव घेऊन त्यानं डोळे मिटले. यातलं एक अक्षरही मला ठाऊक नव्हतं. खाली लिहिलं, तुझा गणपत.

लढाई संपली, पलटणीतून सुटलो, तोही गणपत म्हणूनच. त्या नावाला बोलावणी येत होती. गिरण्यांचे संघ, रेल्वेचे संघ, एखाद्या संस्थानिकाच्या हौसेचा संघ. कागदावर मी कुठे फिटर, कुठे पहारेकरी, कुठे स्टोअर-क्लार्क. खरं काम एकच, संध्याकाळी मैदानात उतरायचं. इंदूर, लाहोर, मद्रास, कलकत्ता. होल्डॉल गुंडाळायचा आणि निघायचं. मला ऑम्लेट खाता येऊ लागलं, तमिळमध्ये शिव्या कळू लागल्या, सिमेंटच्या कोर्टावर गुडघे फुटू लागले. गावी नाचणी खाणारा मी आता डायनिंग हॉलमध्ये चमच्यानं भात खात होतो. आत्याची पत्रं मागून फिरत यायची. "आता लढाई संपली. कवा येतोस?" मी लिहायचो, सामने आहेत, रजा नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या पत्रात खरं लिहू.

कलकत्त्यात शामराव भेटले. ते विट्याचे, तिथं सोनं गाळून शुद्ध करण्याचं दुकान चालवायचे. माझं बोलणं ऐकून त्यांनी प्रेक्षकांतूनच हाक दिली, "सातारचं दिसतंय गडी." घरी जेवायला नेलं. खोदून खोदून गाव विचारलं, घरी कोण विचारलं. मी गाव खरं सांगितलं आणि आत्याला माझी आई म्हटलं. तो माणूस मनानं फार मोठा होता, आणि त्याच मोठेपणानं पुढचं सगळं घडलं.

त्यानंतर सांगलीच्या एका गिरणीनं मला घेतलं. इतक्या वर्षांनी मी घराच्या इतक्या जवळ आलो होतो, रेल्वेनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शामराव सणाला विट्याला आले होते. त्यांना माझी नेमणूक कळली. मला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून ते न सांगता मेढ्याला गेले आणि आत्याला घेऊन सांगलीला आले.

हाफटाइम झाला होता. मी घाम पुसत कडेला आलो, तर शामराव हसत उभे. "गणपतराव, बघा कोन आणलंय." त्यांच्या मागे आत्या होती. तिच्या हातात पुरचुंडी होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि माझ्या मागेही पाहत होती, आणखी कुणी येईल म्हणून.

मग तिनं मला ओळखलं. तिचा चेहरा आधी उजळला, हे मी कधीच विसरणार नाही. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "महादू? आरं तू जित्ता हायेस? वहिनी येडी झालीया रं तुझ्यापायी." शामरावांकडे वळून म्हणाली, "आवं, ह्यो माझ्या भावाचा पोरगा. मेला म्हनून दिवस घातल्यात ह्येचं." मग पुन्हा माझ्याकडे. "आनि गनपा कुठाय? त्यो खेळतोय म्हनलं ह्यांनी."

मैदानातून हाक आली, "गणपत, टाइम झाला." आत्यानं त्या बाजूला पाहिलं. कुणीच उठलं नाही. हाक पुन्हा आली आणि हाक मारणारा माझ्याकडे बघत होता. तिचे हात माझ्या गालांवरून हळूहळू खाली आले.

शिट्टी झाली आणि मी मैदानात गेलो. हे मला लिहायलाच हवं. मी पुढचा अर्धा डाव खेळलो. आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर ती कडुनिंबाखाली बसली होती. शामराव दूर उभे होते, मान खाली घालून. मी सगळं सांगितलं: यादी, हजेरी, पाळी, पत्र. ती रडली नाही. तिनं विचारलं, "म्हंजी वहिनीसाठी तू लिवलंस, पानी मागितलं, आईचं नाव घेतलं, त्यो माझा व्हता."

"व्हय."

"पानी मिळालं व्हतं ना त्येला?"

मी म्हणालो, "व्हय, आत्या."

हेच मला आज दुरुस्त करायचं आहे. मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. गणपा कसा गेला, कुणाच्या हातून, तापानं की गोळीनं, पाणी मिळालं की नाही, हे मला ठाऊक नाही. ती मरेपर्यंत त्या एका शब्दावर राहिली आणि मी तिला राहू दिलं.

ती गावी परत गेली आणि आपल्या मुलासाठी टाहो फोडण्याआधी माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, तुझा महादू हाय." मग वडिलांनी मला बोलावणं धाडलं. ज्याचे दिवस घातले त्याला घरात कसं घ्यायचं, ते वाईच्या घाटावरच्या शास्त्रीबुवांना विचारून आले होते. बुवा म्हणाले, नव्यानं जन्मलेल्या पोरासारखा घ्या. मला मागच्या दारानं आत नेलं. आईनं तूप लावून न्हाऊ घातलं, आपल्या लुगड्यात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवलं, मऊ भात भरवला. बाराव्या दिवशी बारसं. बायका जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "एवढं लांब लेकरू कंच्या पाळन्यात मावायचं गं?" थोडं हसू झालं आणि लगेच थांबलं, कारण बारशाला नाव ठेवते ती आत्या.

तिला कुणी बोलवायला धजत नव्हतं. ती आपणहून आली. माझ्या कानाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिचा श्वास मला लागत होता. मला वाटलं ती नाव ठेवणारच नाही. ठेवू नये, असंही वाटलं. मग ती म्हणाली, "महादेव." आणि आणखी हळू, "त्येचं नाव त्येला ऱ्हाऊ दे." नाव ठेवल्यावर बायका आत्याच्या पाठीत गमतीनं धपाटे घालतात. त्या दिवशी एकीचाही हात उचलला नाही.

महादेव या नावानं मी एकही सामना खेळलो नाही. इंदूरहून, मद्रासहून गणपतला बोलावणी येत राहिली, मी उत्तर दिलं नाही. खेळ सोडला, पण पोटासाठी सांगलीत गिरणीत त्याच नावानं राहिलो, तिथंच संसार केला. तिथल्या लोकांना खरं सांगायचं धाडस झालं नाही. सरकारी कागदांतही काही बदललं नाही. तिथं मी मेलेला आहे आणि गणपा सुखरूप सुटलेला.

गावी मात्र दरवर्षी जात राहिलो. शेवटी शेवटी आत्याला दिसेनासं झालं होतं. मी दारात आलो की ती आतून विचारायची, "कोन हाय?" मी म्हणायचो, "महादू." त्यावर ती थोडी थांबायची. दर खेपेला थांबायची, श्वासभर. मी चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहायचो. मग ती म्हणायची, "ये." इतक्या गावांत राहिलो, इतक्या खोल्यांचं दार उघडलं, पण घर म्हटलं की मला अजून तो उंबराच आठवतो आणि तिचं ते थांबणं. ती गेल्यापासून तिथलं दार मी नुसतं ढकलून आत जातो.