फाट्यावरचं कांडप

वारंगा फाट्यावरच्या ढाब्यांच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये करुणा मिरची-मसाला कांडायची. यंत्र चालू असलं की तिला बरं वाटायचं. ते थांबलं की बाहेरचं ऐकू यायचं आणि तिची नजर दाराकडं जायची.

शेड तातेरावांचं. बाईमाणसाच्या नावानं ते जागा देत नसत, म्हणून बोलणी तिच्या नवऱ्याशी, रत्नपालशी झाली. विजेचं मीटरही तातेरावांचंच. स्वतःची जागा करावी म्हणून ती बँकेत गेली, तर तिथं जमीन कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. जमीन दिराच्या नावावर होती.

अशात तातेरावांचा पुतण्या दिवेलागणीला शेडशी यायला लागला. आधी दारात उभा राहायचा, मग आत येऊन पोत्यावर बसू लागला. ढाब्यांना मसाला संध्याकाळीच लागायचा, त्यामुळं लवकर निघायची सोय नव्हती. तातेरावांना सांगावं तर शेड जाणार. रत्नपालला सांगावं तर तो कामच बंद करायला लावणार. ती गप्प राहिली, आणि ती गप्प आहे हे त्या पोरानं बराबर ओळखलं.

एका संध्याकाळी त्यानं आत येऊन दार ओढून घेतलं.

"वरडलीस तर उद्यापासून लाईट बंद," तो हळूच म्हणाला.

करुणा मागं सरकली. सरकता सरकता तिचा हात यंत्राच्या खटक्यावर पडला. यंत्रात उरलेल्या मिरचीचा खकाणा उसळला. तो खोकत खाली बसला. ती दार ढकलून बाहेर पडली आणि जळत्या डोळ्यांनी ढाब्याच्या उजेडापर्यंत पळत सुटली.

रत्नपाल टेम्पो घेऊन नांदेडला गेला होता. घरी सासू होती, पद्माबाई. करुणानं सगळं सांगितलं.

"आधी काहून न्हाई सांगितलंस?"

"तुमी काम बंद केलं असतं."

पद्माबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "व्हय. केलं असतं."

दुसऱ्या दिवशी तीच सुनेला घेऊन ठाण्यात गेली. बोभाटा होईल म्हणून रात्री परतलेला रत्नपाल अडवत होता. तिनं ऐकलं नाही. तक्रार नोंदवली गेली, आणि सूर्य मावळायच्या आत तातेरावांनी शेडची वीज तोडली.

यंत्र आता घराच्या ओसरीत गोणपाटाखाली झाकून ठेवलंय. घरच्या मीटरवर एवढं मोठं यंत्र चालत नाही, आणि नव्या मीटरला दिराची संमती लागते. दीर म्हणतो, पाहू. तोवर सासू-सून उखळात कांडतात. बरेच ढाबे तुटले. दोन टिकले, कारण ते दुपारी माल घ्यायला तयार झाले.

पुतण्या जामिनावर सुटून आलाय. माल पोचवायला दोघी मिळून निघतात. वाटेत मिरचीच्या भावाबद्दल, लेकरांबद्दल बोलत असतात. फाटा जवळ आला की बोलणं आपोआप थांबतं, आणि पद्माबाई सुनेच्या दंडाला घट्ट धरते.