वरवंट्याचा दुसरा भाग

कार्टून फिल्म करणाऱ्यांनी गाजलेल्या फिल्मचे पुढचे भाग काढावेत की दर वेळी नवी गोष्ट घ्यावी, असं मला कुणी विचारलं की मी चहा मागवते. चहा येईपर्यंत विषय बदलतो. एके काळी याच प्रश्नावर मी टेबलावर मूठ आपटून बोलायचे. तेव्हा मी नुकतीच चंदीगढच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडले होते, आणि आपल्याइतकं स्वतंत्र डोकं पंजाब-हरियाणात दुसऱ्या कुणाला नाही याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आमचा स्टुडिओ सेक्टर चौतीसमध्ये, एका एससीओच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खाली दुकान आणि वर ऑफिसं असलेल्या इमारतीला तिथं सगळे एससीओच म्हणतात. शेजारी कॅनडाचा व्हिसा मिळवून देणारा, डोक्यावर इंग्रजी बोलायला शिकवणारा, आणि मध्ये आम्ही. आमचे मालक सरदारजी होते. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीच्या नावांमधून लाल बदाम उडवायचे, यावर त्यांनी धंदा उभा केला होता. मग घरोघरी केबल आलं, पोरं दिवसभर परदेशी कार्टून बघायला लागली, आणि सरांना वाटलं की हे आपल्यालाही जमेल. त्यांनी आम्हा पाच-सात जणांना गोळा केलं, आणि आम्ही जत्रेत हरवलेल्या हत्तीच्या पिल्लाची एक फिल्म केली. तिच्या व्हीसीडी चांगल्या खपल्या. थोड्याच दिवसांत त्या विकणाऱ्या दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "हाथी का पार्ट टू कब दे रहे हो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं मी मराठीत म्हणाले आणि मग सगळ्यांना हिंदीत समजावून सांगितलं. ज्यांना काही सुचत नाही ते पुढचे भाग काढतात, हे माझं आवडतं वाक्य होतं. सर शांतपणे ऐकून घ्यायचे. "बेटा, बच्चे को आज भी वही चाहिए जो कल मिला था," ते म्हणायचे. मी म्हणायचे, त्याला दुसरं काही दिलंच नाही तर तो मागणार काय?

दुसरं काय द्यायचं हे माझ्याजवळ तयार होतं. नदीतला एक गोल गुळगुळीत गोटा. त्याला ट्रकमधून उचलून नेतात आणि एका घराच्या भिंतीत बसवतात. एक दिवस तो भिंतीतून निसटतो आणि आपली नदी शोधायला गडगडत निघतो. वाटेत भेटेल त्याला विचारतो, "मेरा पानी देखा?" कुणी सायकल, कुणी म्हैस, कुणी पाण्याची टाकी, सगळे त्याला म्हणतात, "नहीं भाई, आगे जा." ही कल्पना मला पंचकुल्याच्या बाजूला, घग्गर नदीच्या कोरड्या पात्रात भुट्टा खाता खाता सुचली होती. निदान मला तसंच वाटत होतं, आणि मी ते स्टुडिओत इतक्यांदा सांगितलं होतं की भुट्ट्यावरच्या लिंबासकट सगळ्यांना पाठ झालं होतं.

माणसं आणि कॉम्प्युटर एकाच फिल्मपुरते होते. हत्ती झाला तर गोटा होणार नव्हता, आणि मला पुढचं वर्ष-दीड वर्ष हत्तीचे कान रंगवत काढावं लागलं असतं. शेवटी सर म्हणाले, दोन्हीची कच्ची चित्रं मुलांना दाखवू. मुलं ज्याच्या बाजूनं बोलतील ती फिल्म. प्रश्न एवढाच होता की शंभर मुलं एका जागी आणायची कुठून. मी म्हटलं, गणपतीत आमच्या मराठी मंडळात या.

मंडळात दोन तऱ्हेची माणसं होती. माझ्या बाबांसारखे, वैद्यकीय संस्थेत किंवा विद्यापीठात येऊन इथलेच झालेले. आणि चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतले, दोन-तीन वर्षांसाठी येऊन बदलीवर निघून जाणारे. मुलं मात्र सगळी एकाच तऱ्हेची. मराठी कळायचं, उत्तर हिंदीत. "बाळा, जेवलास का?" "हां आंटी, खा लिया." त्यांच्या जिभेला मराठीचं वळण लागावं म्हणून माझी आई संस्थेच्या क्वार्टर्समधल्या आमच्या घरात रविवारी बालवर्ग घ्यायची. आई मूळची नागपूरची. वर्ग म्हणजे काय, तर मुलांना चिवडा द्यायची, दोन श्लोक म्हणवून घ्यायची आणि गोष्ट सांगायची. मी रविवारी उशिरा उठून स्टुडिओत पळायचे. दारातल्या चपलांच्या ढिगातून माझी चप्पल शोधताना वैतागायचे. आत काय चालतं ते बघायला मी एकदाही थांबले नाही. आईचा टाइमपास, एवढंच माझं त्याबद्दलचं मत होतं.

कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आरती झाली, प्रसाद वाटून झाला. छावणीतून निवृत्त होऊन पंचकुल्यात राहिलेले एक कर्नलकाका मंडळाचे कार्यवाह होते. त्यांनी मुलांना सतरंजीवर रांगेत बसवलं. सर पुढच्या खुर्चीत, हातात खिरापतीचा द्रोण. पहिल्यांदा हत्ती दाखवला. मुलं हसली, टाळ्या पडल्या, दोघांनी सोंड करून दाखवली.

मग माझा गोटा. चित्रं एकामागून एक पडद्यावर येत होती आणि माइकवरून मी गोष्ट सांगत होते. गोटा भिंतीतून निसटला. मुलं माना वर करून ऐकत होती. गोटा गडगडत सायकलपाशी आला. मी आवाज बारीक करून विचारलं, "मेरा पानी देखा?"

आणि सगळी सतरंजी एका सुरात ओरडली, "नाही रे बाबा, पुढं जा!"

मराठीत. जी मुलं साधं 'हो' मराठीत म्हणत नव्हती, ती. मागं बसलेल्या आया खूश होऊन टाळ्या वाजवायला लागल्या. मला काही कळेना. चित्र पुढं सरकलं, म्हैस आली, मी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा तोच गजर, "नाही रे बाबा, पुढं जा!" मग पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली आणि माझी कीव आल्यासारखी म्हणाली, "दीदी, ये पत्थर नहीं है. ये वरवंटा है. ये तो संडेवाली स्टोरी है."

त्या क्षणी मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे अंगावरच कोसळलं. मी चार-पाच वर्षांची, जेवायला त्रास देणारी. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा आईनं नागपूरहून आणलेला पाटा-वरवंटा बाल्कनीत गेला होता. वरण-भाताच्या घासाघासाला आई त्या वरवंट्याची गोष्ट सांगायची. तो कसा नदीतला होता, पाथरवटानं त्याला छिन्नीनं घडवून कसं वरवंटा केलं, आता मिक्सर आल्यावर त्याला करमेना, म्हणून तो आपलं पाणी शोधायला निघाला. "माझं पाणी पाहिलं का?" आणि मी तोंडातला घास तसाच ठेवून ओरडायचे, नाही रे बाबा, पुढं जा. मी वरवंट्याचा गोटा केला होता आणि मिक्सरच्या जागी भिंत घातली होती. बाकी माझं त्यात काही नव्हतं. घग्गरच्या पात्रात मला काहीएक सुचलं नव्हतं, फक्त भूक लागली होती.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं. तिथं कम्युनिटी सेंटरची मोझेक फरशी होती आणि ती जागची हलली नाही. सर खुर्चीतून वळून मला म्हणाले, "बेटा, इनको तो पहले से पता है! किसकी कहानी है ये?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. हॉलमधल्या सगळ्या ओळखीच्या तोंडांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्याआधी आई बोलली. ती मागं, बायकांमध्ये उभी होती, प्रसादाचं रिकामं पातेलं कडेवर घेऊन. "इसी की है जी," ती म्हणाली. "बचपन में इसी ने बनाई थी. मैं तो बस बच्चों को सुनाती हूँ."

"बचपन से!" सर उठून उभे राहिले. "वाह! ये हुई न बात!"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. त्यातून बाहेर आलं ते "थँक्यू सर."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी आईला विचारलं, असं का सांगितलंस? ती चपला काढत होती. "मग काय सांगायचं होतं? पोरगी चारचौघांत तोंडघशी पडून राहिली, अन् मी बघत उभी राहू?" मी म्हटलं, पण गोष्ट तुझी आहे. "अगं, कशाची गोष्ट? तू जेवत नव्हती म्हणून काहीबाही सांगत होती मी." मला हायसं वाटलं. आजही सगळ्यात जास्त लाज मला त्या हायसं वाटण्याची वाटते.

गोट्याची फिल्म झाली. 'कहानी' या शब्दाखाली माझं नाव आलं. आधी मी आईला एकदा विचारलं होतं, तुझं नाव घालू का म्हणून. ती म्हणाली, लोक हसतील. मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारून माणूस सुटतो, असा माझा समज होता. फिल्म हत्तीइतकी नाही, पण बरी चालली. एका हिंदी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात 'मौलिक', म्हणजे अस्सल स्वतःचं, असा शब्द होता. बाबांनी ते कात्रण फ्रिजवर लावलं. पाणी प्यायला गेलं की ते समोर यायचं, म्हणून मी माठातलं पाणी प्यायला लागले.

आणि मग व्हायचं तेच झालं. दिल्लीहून फोन आला. सरांनी हात चोळत मला आत बोलावलं. "पत्थर का पार्ट टू! अब तो तू ना नहीं बोलेगी, तेरा अपना है." दगडाला नदी सापडली, आता पुढं?

पुढं काय ते मला माहीत नव्हतं. आठवडाभर मी कोऱ्या कागदासमोर बसले. जे जे सुचायचं ते थोडं खरवडलं की खालून वरण-भाताचा वास यायचा. वरवंटा कालव्यात पडतो, ते आईचं. वरवंट्याला धरणाची भिंत अडवते, तेही आईचंच. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आईनं ही एक गोष्ट वीस वर्षं चालवली होती. मुलं बदलीवर जायची, नवी यायची, दर रविवारी वरवंटा नव्या ठिकाणी पोचायचा. पुढचे भाग काढणाऱ्यांना काही सुचत नाही, असं मी ज्या घरात जेवून स्टुडिओत जाऊन सांगत होते, त्या घरात दर आठवड्याला पुढचा भाग निघत होता, आणि एकही शिळा नव्हता.

मी ठरवलं, आईकडे जायचं, नीट माफी मागायची आणि या वेळी तिच्या नावानं काम करायचं. सगळ्यात आधी तिचा वर्ग बघायचा. रविवारी मी मुद्दाम घरी थांबले, मुलांच्या मागं भिंतीला टेकून बसले. चिवडा झाला, श्लोक झाले. आईनं गोष्ट सुरू केली, तर ती कोल्ह्या-करकोच्याची. मुलं चुळबुळ करत होती. एकानं जाता जाता विचारलंच, "आंटी, वरवंटा कब आएगा?" आई म्हणाली, "तो दीदीच्या पिक्चरमध्ये आहे ना, तिथं बघ हं."

मुलं गेल्यावर मी तिला म्हटलं, "आई, मला वरवंट्याचं पुढचं सांग. तुझ्या नावानं करू या. आणि मुलांना काहून नाही सांगत तू?" ती चिवड्याच्या वाट्या गोळा करत होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सोडली ना मी ती," ती म्हणाली. "छावणीतल्या नव्या बाया आल्या आहेत. त्यातली एक हसून म्हणाली, काकू, मुलीच्या पिक्चरची गोष्ट तुम्ही आपली म्हणून सांगता वाटतं? मग मलेच लाज वाटली."

मी तिच्या हातातल्या वाट्या घ्यायला गेले. तिनं दिल्या नाहीत. मी म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगते, मंडळात सांगते, सरांना सांगते. आता मात्र तिनं माझ्याकडे बघितलं. "अन् मी देवासमोर उभी राहून खोटं बोलली, हेही सांगशील?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "राहू दे. अन् आता मला पुढचं सुचतही नाही गं. बसली होती मी दोनदा. तुझा तो दगडच दिसतो."

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की दगडाचा दुसरा भाग नको. हत्तीचा करू या, मी कान रंगवीन. सर खुर्चीत मागं रेलून खूप वेळ हसले. त्यांनी बाहेरच्यांना हाक मारून आत बोलावलं, सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देखो, हमारी आर्टिस्ट को आखिर अक्ल आ ही गई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "हां जी," आणि जाऊन हत्तीची फाइल उघडली.