आपल्याच खुर्चीसाठी अर्ज

आमच्या ऑफिसातले किस्से इतके साचलेत, की चार मैत्रिणी जमल्या की मला दुसरं काही बोलूच देत नाहीत. आता हसते मी. तेव्हा मात्र हसायची सोय नव्हती.

झालं असं, की पुण्याजवळच्या मांजरीतली आमची पंपांची कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी फर्मान काढलं: प्रत्येकाने आपापल्या जागेसाठी नव्याने अर्ज करायचा! सीव्ही जास्तीत जास्त दोन पानं, सोबत कव्हर लेटर. माणसं जास्त, जागा कमी. मी बावीस वर्षं पत्रव्यवहार बघत होते. सीव्ही आयुष्यात केला नव्हता.

*

अकाउंट्सच्या देशपांडेसाहेबांचा सीव्ही अर्ध्या पानात संपला. नवी आलेली तन्वी म्हणाली, "सर, सव्वीस वर्षांचा एक्स्पीरियन्स आहे, जरा वाढवा ना!"

"सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसलोय. खुर्चीचं माप लिहू?"

*

तन्वीची नोकरी दोन वर्षांची, सीव्ही पाच पानांचा! शाळेतल्या वक्तृत्वापासून सिंहगडाच्या ट्रेकपर्यंत सगळं. गाळायचं काय, या काळजीने ती रडकुंडीला आली. शेवटी अक्षर एवढं बारीक केलं, की दोन पानांत मावलं.

देशपांडेंनी कागद जवळ नेला, लांब धरला. "छान आहे. सोबत भिंग जोडा."

*

कव्हर लेटर तन्वीने नेटवरून उचललं आणि घाईत पाठवून टाकलं. दहा मिनिटांनी किंचाळली. पहिलंच वाक्य होतं, 'आपल्या नामांकित हॉस्पिटलमध्ये काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे.'

पोरगी रडायलाच लागली.

"रडू नकोस गं," देशपांडे म्हणाले. "कंपनी आयसीयूत आहे, हे त्यांनाही माहीत आहे!"

नवं लेटर तिने लगेच पाठवलं, पण आठवडाभर तिचा डबा तसाच परत जात होता.

*

घरी, वारज्याला, माझी निराळीच तऱ्हा. आयुष्यभर साहेबांची पत्रं लिहिली आणि स्वतःबद्दल एक ओळ सुचेना! 'मी मेहनती आहे' लिहायचं, खोडायचं.

नवरा म्हणाला, "अगं, कव्हर लेटर कोण वाचतंय? सीव्हीसुद्धा वरचा अर्धाच बघतात."

"म्हणजे माझी पहिली अकरा वर्षं गेली की!"

शेवटी चार सरळ ओळी खरडल्या आणि पाठवल्या.

*

शेजारच्या टेबलावर आवक-जावक बघणारे सलीम शेख, आमचे सलीमभाई. नव्या रचनेत आम्हा दोघांत मिळून जागा एकच होती. ते कोरा कागद घेऊन आले.

"मॅडम, माझं लेटर लिहून द्या ना."

"अहो, आपण दोघं एकाच जागेसाठी आहोत!"

"म्हणून तर. माझं काम दुसऱ्या कुणाला माहितीय?"

खरं सांगते, मनात आलं की गुळमुळीत लिहून द्यावं. कोण विचारणार होतं? पण पेन उचललं आणि एकेक आठवत गेलं. ऑफिसात पाणी शिरलं तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी वाचवलेली रजिस्टरं, बावीस वर्षांत एकही न हरवलेलं पत्र. पान भरलं.

वाचून ते म्हणाले, "हा माणूस बरा दिसतोय!"

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. काय करून बसले मी!

*

इंटरव्ह्यूला समोर तिशीतला साहेब. माझा सीव्ही उलटसुलट बघितला.

"मॅडम, सीव्ही ठीक आहे. पण कव्हर लेटर फारच कोरडं. पत्रव्यवहार तुम्हीच बघता ना?"

"हो."

"तुमच्या शेजारी ते शेख बसतात, त्यांचं वाचलं मी. काय लिहिलंय! शिका जरा त्यांच्याकडून."

"हो सर, विचारते त्यांना."

बाहेर बाकावर सलीमभाई बसले होते. पुढचा नंबर त्यांचाच. घामाने ओले झालेले तळवे रुमालाला पुसत होते.

"मॅडम, लेटर वाचतात का हो?"

"वाचतात. तुमचं फार आवडलंय त्यांना."

त्यांचा जीव भांड्यात पडला. उठून शर्ट नीट केला आणि दाराशी जाऊन वळून म्हणाले, "मग तुमचं तर किती आवडलं असेल!"